एक पासवर्ड आणि चौदा शिक्षक : गिटहबला आपापली चावी कशी लावायची?



आजचा विषय जरा वेगळा आहे. पाठ नाही, कृती नाही, स्वाध्याय नाही. पण आपल्यापैकी बरेच जण आता तालुक्यातल्या शिक्षकांचा गट करून चाचण्या, कार्यपत्रिका, छोटी शैक्षणिक ॲप्स एकत्र बनवतात आणि ती गिटहबवर ठेवतात. तिथे आत शिरायचा दरवाजा नीट कसा बंद करायचा आणि प्रत्येकाने आपल्या चावीने तो कसा उघडायचा, हे आज बघू. मी काही इंजिनिअर नाही बरं का. डी.एड. केलेली, तिसरीच्या वर्गाला शिकवणारी बाई. संगणकाचं शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी. त्यामुळे मला समजलं ते तुम्हालाही समजेल.

आधी आमच्या गटात काय घडलं ते सांगते, म्हणजे एवढा खटाटोप कशासाठी ते कळेल.

२०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा आम्ही चौदा शिक्षकांनी मिळून पहिली ते चौथीच्या ऑफलाइन चाचण्या बनवायला घेतल्या. साध्या एचटीएमएलच्या फाइली, मोबाइलवर इंटरनेट नसतानाही चालणाऱ्या. गिटहबवर एकच खातं उघडलं, गटाच्या नावाने, आणि त्याचा पासवर्ड टाकला व्हॉट्सॲप ग्रुपवर. सोयीचं वाटलं तेव्हा. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटहबने गिटच्या कामासाठी खात्याचा पासवर्ड घेणंच बंद केलं. तेव्हा आमच्यातल्या एकाने टोकन नावाची लांबलचक अक्षरमाळ तयार केली आणि तीही ग्रुपवरच टाकली. म्हणजे कुलूप बदललं, पण चावी पुन्हा पायपुसण्याखालीच.

पुढे एकदा, पहिल्या सत्राच्या संकलित चाचणीच्या आदल्या आठवड्यात, सकाळी बघतो तर तिसरी आणि चौथीच्या बेचाळीस चाचण्या गायब. त्यांच्या जागी दोन महिने जुना साठा. कुणी केलं? गिटहबवर बदल कुणी चढवला ते दिसतं, पण आमच्याकडे दिसत होतं एकच नाव, गटाचं. चौदा जण एकाच नावाने आत जात होते. मग कुजबुज सुरू झाली. आमच्यातले एक ज्येष्ठ सर महिनाभरापूर्वी कुठल्याशा बोलण्यावरून नाराज झाले होते. कुणीतरी म्हणालं, "त्यांनीच मुद्दाम केलं असणार." त्यांना कुणी सरळ विचारलं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलं. ते ग्रुपमधून बाहेर पडले. जाताना मला फोनवर एवढंच म्हणाले, "मॅडम, पासवर्ड तर सगळ्यांकडेच होता."

चाचण्या परत मिळाल्या. गिटची खुबी ही की प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण साठा असतो. शेजारच्या केंद्रातल्या एका मॅडमकडे ताजी प्रत होती, ती परत चढवली. पण सर काही परत आले नाहीत.

तीन आठवड्यांनी मी घरच्या लॅपटॉपवर गिट बॅशमध्ये जुनी आज्ञा शोधत वरच्या बाणाची कळ दाबत होते. एकेक जुनी ओळ वर येत गेली आणि त्यात ती ओळ आली. 'पुश' आणि त्यापुढे 'फोर्स'. त्या रात्री माझा पुश नाकारला जात होता. संगणक सांगत होता की आधी इतरांचे बदल उतरवून घ्या. मी ते न वाचता इंटरनेटवरून एक आज्ञा उचलली आणि चिकटवली. तिने माझ्या जुन्या प्रतीखाली सगळ्यांचं काम दाबून टाकलं. म्हणजे चोर मीच होते, आणि मला पत्ताही नव्हता.

सरांच्या घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला. त्यापुढचं इथे लिहीत नाही.

चावी लावली असती तर माझी चूक टळली नसती, हेही खरं. चूक व्हायची ती झालीच असती. पण नाव माझं दिसलं असतं, त्याच सकाळी. दुसऱ्या माणसावर तीन आठवडे बोट राहिलं नसतं.

चावी म्हणजे नेमकं काय?

शाळा व्यवस्थापन समितीचं बँकेत खातं असतं, तिथे मुख्याध्यापक आणि अध्यक्षांच्या सहीचे नमुने दिलेले असतात. बँकेला तुमचा हात लागत नाही, नमुना लागतो. चेक आला की कारकून नमुन्याशी ताडून बघतो. इथेही तसंच आहे. आपला संगणक दोन गोष्टींची जोडी तयार करतो. एक खासगी चावी, म्हणजे सही करणारा हात. ती संगणकातून कधीही बाहेर जायची नाही. दुसरी सार्वजनिक चावी, म्हणजे सहीचा नमुना. तो गिटहबला द्यायचा. तो कुणी पाहिला तरी बिघडत नाही, भिंतीवर लावला तरी चालेल.

उदाहरण इथे थोडं लंगडं पडतं. बँकेतला नमुना बघून एखादा हुशार माणूस खोटी सही गिरवू शकतो. इथे ते जमत नाही, कारण दर वेळी जोडणी होताना सही करायचा मजकूर नवा असतो. कालची सही आज चालत नाही. आणि नमुन्यावरून हात तयार करणं ही गोष्ट आजच्या संगणकांच्या आवाक्याबाहेरची आहे.

असं कसं असेल? पाचवीच्या मुलांना दाखवता येईल असा एक खेळ आहे. मुलांना सांगा, ९७ गुणिले ८९ करा. कागदावर मिनिटभरात ८६३३ येतं. आता दुसऱ्या गटाला फक्त ८६३३ द्या आणि विचारा, कुठल्या दोन मूळ संख्यांचा हा गुणाकार? मुलं ३ ने भागतील, ७ ने, ११ ने, १३ ने... तास संपेल. जाताना रस्ता सोपा, येताना घाट. आरएसए नावाची जुनी पद्धत याच गुणाकाराच्या घाटावर उभी आहे, फक्त तिथल्या संख्या शेकडो अंकी असतात. आज आपण जी वापरणार ती ईडी२५५१९ ही पद्धत वेगळ्या गणितावर, वक्ररेषेवरच्या बिंदूंवर चालते. पण तत्त्व तेच, एका दिशेने सोपं आणि उलट दिशेने अशक्यप्राय. त्या नावातल्या आकड्याची गंमत अशी की ती पद्धत २ चा २५५ वा घात वजा १९ या मूळ संख्येवर आधारलेली आहे. ती संख्या ७७ अंकी आहे. वर्गात फळ्यावर मावणार नाही.

ही जोडचावीची कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे मांडली. आणि आपण जी वाट वापरणार, एसएसएच म्हणजे सिक्युअर शेल, ती १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी तयार केली. कारण ऐकून नवल वाटेल. त्यांच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी गुपचूप पासवर्ड टिपून घेत होतं. म्हणजे आपलंच दुखणं, फक्त पंचवीस वर्षं आधीचं.

सुरुवात करण्याआधी

पहिलं काम, गटाचं सामाईक खातं वापरायचं थांबवा. प्रत्येकाने गिटहबवर स्वतःचं फुकट खातं उघडावं. गिटहबच्या नियमांतच आहे की एक लॉगिन एकाच माणसाने वापरायचं. आम्ही चौदा जण इतकी वर्षं नियम मोडत होतो, आणि एकानेही तो वाचला नव्हता, मी धरून. मग साठा ज्यांच्या खात्यावर आहे त्यांनी रिपॉझिटरीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन कोलॅबोरेटर्स या ठिकाणी एकेकाचं नाव घालावं. त्या व्यक्तीला आमंत्रणाचा ईमेल येतो, तो स्वीकारला की तिला साठ्यात बदल करता येतात. आमंत्रण स्वीकारायचं बहुतेक जण विसरतात आणि मग "माझी चावीच चालत नाही" म्हणून फोन करतात.

आता संगणकावर गिट हवं. विंडोजवर गिट फॉर विंडोज उतरवून घेतलं की सोबत गिट बॅश नावाची काळी खिडकी मिळते. तीच आपली प्रयोगशाळा. काळ्या खिडकीला घाबरू नका. मीही सुरुवातीला घाबरले होते, वाटायचं एक अक्षर चुकलं की संगणक फुटेल. तसं काही होत नाही.

चावी तयार करणं

गिट बॅश उघडा आणि ही आज्ञा लिहा : एसएसएच-कीजेन, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ आणि टी, मग मोकळी जागा, मग ईडी२५५१९. इथे मी देवनागरीत सांगतेय, पण तिथे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायचं. एसएसएच आणि कीजेन यांच्या मध्येही आडवी रेघच आहे, तिथे जागा सोडायची नाही. पुढे पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि मोठा सी, आणि त्यापुढे अवतरण चिन्हांत ओळखीपुरता शब्द घालता येतो. ईमेल घाला किंवा 'घरचा लॅपटॉप' असं इंग्रजी अक्षरांत लिहा. या शब्दाचा सुरक्षेशी संबंध नाही, उद्या कुठली चावी कुठली ते कळावं म्हणून.

एंटर दाबलं की संगणक विचारतो, फाइल कुठे ठेवू? तो सुचवतो तीच जागा बरी, नुसतं एंटर दाबा. पण तिथे आधीची चावी असेल तर तो "त्यावर लिहू का?" असंही विचारतो. तेव्हा घाईने हो म्हणू नका, जुनी चावी कायमची जाते.

मग पासफ्रेज मागतो. चावीवर अजून एक कुलूप समजा. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला चावी लगेच वापरता येऊ नये म्हणून. चार-पाच असंबद्ध शब्द एकामागून एक लिहा, आपल्याला आठवतील आणि दुसऱ्याला सुचणार नाहीत असे. मुलाचं नाव आणि जन्मसाल नको. आता गंमत बघा, इथे टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही. टिंबं नाहीत, चांदण्या नाहीत. आमच्या कार्यशाळेत एका सरांनी कीबोर्ड बिघडला म्हणून दुसरा आणला होता. बिघडलेलं काही नसतं. निर्धास्त टाइप करा, एंटर, परत एकदा तेच, एंटर.

दर वेळी पासफ्रेज टाकायचा कंटाळा येत असेल तर एसएसएच-एजंट म्हणून एक मदतनीस आहे, तो बसल्या बैठकीपुरता लक्षात ठेवतो. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका.

इथे सगळ्यांचा पाय घसरतो

आता तुमच्या संगणकावर, सी ड्राइव्हमधल्या युजर्समध्ये, तुमच्या नावाच्या फोल्डरात, टिंबाने सुरू होणारं एसएसएच नावाचं फोल्डर तयार झालेलं असतं. त्यात दोन फाइली. एकीचं नाव आयडी, खालची रेघ, ईडी२५५१९. दुसरीचं नाव तेच, पण शेवटी टिंब आणि पब. पब म्हणजे पब्लिक. ही सार्वजनिक. बिनशेपटीची ती खासगी.

अडचण अशी की विंडोज फाइलींच्या नावांची शेपटी मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे दोन्ही फाइली एकाच नावाच्या दिसू शकतात, जुळ्या बहिणींसारख्या. त्यात भर म्हणजे टिंब-पब ही शेपटी मायक्रोसॉफ्ट पब्लिशर या प्रोग्रॅमचीही आहे. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी सार्वजनिक फाइलवर दोनदा टिचकी मारली की पब्लिशर उघडतं आणि तक्रार करतं. माणसाला वाटतं ही फाइल खराब आहे, म्हणून तो दुसरी उघडतो. आणि दुसरी असते खासगी!

आमच्या गटात अगदी हेच झालं. एका मॅडमनी दुसरी फाइल नोटपॅडमध्ये उघडली, सगळा मजकूर उचलला आणि "ही माझी चावी, बरोबर आहे का बघा" म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. हेतू चांगलाच होता.

म्हणून उघडल्यावर आधी मजकूर बघा. सार्वजनिक चावी ही एकच लांब ओळ असते आणि तिची सुरुवात एसएसएच-ईडी२५५१९ या शब्दाने होते. खासगी चावी अनेक ओळींची असते आणि तिच्या माथ्यावर रेघांच्या मध्ये मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' असं चक्क लिहिलेलं असतं. प्रायव्हेट हा शब्द दिसला की फाइल बंद करायची. विषय संपला. सार्वजनिक फाइल उघडताना टिचकी न मारता उजवं बटण दाबून 'ओपन विथ' मधून नोटपॅड निवडा.

आणि खासगी चावी चुकून बाहेर गेलीच तर? 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून भागत नाही. तोवर कुणी पाहिली असेल, कुणाच्या बॅकअपमध्ये गेली असेल, काही सांगता येत नाही. शाळेच्या कपाटाची चावी बाजारात हरवली आणि तासाभराने सापडली, तरी शहाणा मुख्याध्यापक कुलूप बदलतो. इथे कुलूप बदलणं दोन मिनिटांचं आणि बिनपैशाचं काम आहे. गिटहबच्या खात्यातून ती सार्वजनिक चावी काढून टाका, नवी जोडी तयार करा, नवा नमुना द्या. मॅडमनी तेच केलं. त्या फार ओशाळल्या होत्या. त्यांना मी पुढची गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते.

मार्च २०२३ मध्ये खुद्द गिटहबची एक खासगी चावी, त्यांच्या सर्व्हरची आरएसए चावी, थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडी पडली होती. गिटहबने काय केलं? २४ मार्चला चावी बदलली आणि जाहीरपणे सांगितलं. त्या दिवशी जगभरातल्या किती तरी लोकांच्या काळ्या खिडकीत मोठा इशारा झळकला, की समोरच्याची ओळख बदललेली आहे. एवढ्या मोठ्या कंपनीकडून होतं, तर तुमच्या-माझ्याकडून होणारच.

नमुना गिटहबला देणं

आता सोपं आहे. गिटहबवर आपल्या खात्याने लॉगिन करा, वर उजवीकडच्या चित्रावरून सेटिंग्ज, तिथे 'एसएसएच अँड जीपीजी कीज', मग 'न्यू एसएसएच की'. शीर्षकात संगणकाचं नाव लिहा, खालच्या चौकटीत ती लांब ओळ पूर्ण चिकटवा. मधे एंटर पडू देऊ नका. चुकून खासगी चावी चिकटवली तर गिटहब ती घेत नाही, चावी अवैध आहे म्हणतं. तेवढी त्याची कृपा.

मग तपासणी. गिट बॅशमध्ये एसएसएच, जागा, आडवी रेघ आणि मोठा टी, जागा, आणि गिट ॲट गिटहब डॉट कॉम. पहिल्यांदा जोडताना संगणक थबकतो आणि म्हणतो, या समोरच्याची ओळख मला पटवता येत नाही, हा त्याचा ठसा, पुढे जाऊ का? आपण सगळे 'येस' टाइप करून मोकळे होतो. पण दारात पोलिओ डोसवाल्या ताई आल्या तरी आपण ओळखपत्र बघतोच ना? गिटहबने आपले खरे ठसे आपल्या मदतपानांवर छापलेले आहेत. पहिली-शेवटची काही अक्षरं न बघता ओळच्या ओळ ताडा, मग येस म्हणा. एकदा ओळख झाली की तुमचा संगणक ती लक्षात ठेवतो आणि पुढे समोरचा बदलला तर ओरडतो. २०२३ मध्ये तो ओरडला तो असा.

सगळं जमलं असेल तर तुमच्या नावाने 'हाय' येतं आणि पुढे वाक्य येतं की ओळख पटली, पण गिटहब शेल देत नाही. हे दुसरं अर्धं वाक्य वाचून घाबरू नका, अनेकांना ते नापास झाल्यासारखं वाटतं. तुम्ही पास आहात.

एक शेवटची गाठ राहते. तुमच्या संगणकावर साठ्याची जुनी प्रत असेल तर तिला अजून जुनाच पत्ता माहीत आहे, एचटीटीपीएसने सुरू होणारा. त्या रस्त्यावर चावी चालतच नाही, तिथे तो नाव-पासवर्डच मागणार. रिपॉझिटरीच्या पानावर 'कोड' या हिरव्या बटणाखाली एसएसएच निवडलं की नवा पत्ता मिळतो, गिट ॲट गिटहब डॉट कॉमने सुरू होणारा. तो उचला आणि गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन या आज्ञेपुढे चिकटवा. गिट, रिमोट, सेट-यूआरएल, ओरिजिन, प्रत्येकामध्ये एक जागा. आमच्याकडे 'चावी चालत नाही' म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं कारण आमंत्रण आणि उरलेल्यांचं कारण हा पत्ता. अजून एक कारण म्हणजे काही संस्थांच्या वायफायवर २२ क्रमांकाचं पोर्ट बंद ठेवलेलं असतं. एसएसएच तिथूनच जातं. मोबाइलचं हॉटस्पॉट लावून बघा. त्यावर चाललं तर दोष वायफायचा. कायमचा उपायही आहे, गिटहब ४४३ पोर्टवरूनही एसएसएच घेतं, पण त्यासाठी एक छोटी फाइल लिहावी लागते.

शाळेच्या संगणकाचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या लॅबमधला संगणक सगळेच एका लॉगिनने वापरतात. तिथे आपली खासगी चावी ठेवायची नाही. ठेवली तर पुन्हा तेच, चौदा हात आणि एक नाव. तिथे काम करायचंच असेल तर ब्राउझरमध्ये आपल्या खात्याने जाऊन बदल करा आणि उठताना लॉगआउट व्हा.

पण लॅबच्या संगणकाला नुसत्या ताज्या चाचण्या उतरवून घ्यायच्या असतील तर डिप्लॉय की नावाची सोय आहे. ही चावी माणसाच्या खात्याला लागत नाही, एकाच रिपॉझिटरीला लागते. आणि तिला मुळात फक्त वाचायची परवानगी असते. मुलांनी कितीही बटणं दाबली तरी साठ्याला धक्का लागत नाही. वाचनालयातलं पुस्तक वाचता येतं, त्यात लिहिता येत नाही, तसं.

एका माणसाला एकच चावी असं बंधन नाही. घरच्या लॅपटॉपची वेगळी, दुसऱ्या संगणकाची वेगळी. खासगी चावी पेनड्राइव्हवर घालून इकडून तिकडे नेऊ नका. चावी हरवली तर तिचा शोक करायचं कारण नाही, नवी करायची. लॅपटॉप विकला किंवा दुरुस्तीला दिला की त्या नावाची चावी खात्यातून काढायची. शीर्षकात संगणकाचं नाव लिहा म्हटलं ते यासाठी. वर्षभर वापरली नाही अशी चावी गिटहब स्वतःच काढून टाकतं, म्हणून उन्हाळ्यात नव्हे पण दीर्घ रजेवरून परत आल्यावर चावी चालेना तर ते एक कारण असू शकतं.

आणि बदल्या! आपल्या नोकरीत बदली काही चुकत नाही. पूर्वी कुणी गटातून गेलं की पासवर्ड बदला, सगळ्यांना कळवा, निम्म्यांना कळायचंच नाही. आता कोलॅबोरेटर्समधून एक नाव काढलं की झालं, बाकीच्यांना काही करावं लागत नाही. आणि आठवणीने जुनं सामाईक टोकन रद्द करा. नवी दारं लावली आणि जुनी खिडकी उघडीच, असं आमच्याकडे दोन महिने होतं.

माझ्यासारखी 'फोर्स'वाली मंडळी असतात म्हणून अजून एक. सार्वजनिक रिपॉझिटरीत मुख्य शाखेला संरक्षण लावण्याची सोय फुकट आहे. तिथे जबरदस्तीचा पुश नाकारला जातो, मग तो कुणाचाही असो. आम्ही लावली, आणि पहिला प्रयोग माझ्याच लॅपटॉपवरून करून बघितला. नाकारला. फार बरं वाटलं.

पालकांसाठी दोन शब्द

तुमचा मुलगा किंवा मुलगी कोडिंग शिकत असेल आणि गिटहबचं नाव काढत असेल, तर वयाची अट लक्षात ठेवा. तेरा वर्षांखालच्या मुलांना तिथे खातं उघडता येत नाही. खोटं जन्मसाल घालून देऊ नका, चौथी-पाचवीला स्क्रॅच पुरेसं आहे. मोठ्या मुलांनी चावी तयार केली तर ती त्यांची राहू द्या, पण 'मित्राला पाठवू का?' या प्रश्नाचं उत्तर घरात आधीच ठरलेलं असू द्या.

आणि शिक्षकांनो, चावी कितीही पक्की असली तरी मुलांची नावं, आधार क्रमांक, गुणयाद्या, फोटो रिपॉझिटरीत ठेवू नका. गिट काहीच विसरत नाही. आज टाकलेली फाइल उद्या पुसली तरी इतिहासात ती तशीच राहते आणि शोधणाऱ्याला सापडते. चुकून टाकलेली खासगी चावीसुद्धा तशीच.

आमच्या चौदांपैकी अकरा जणांच्या चाव्या लागल्या आहेत. पहिली चावी त्या ज्येष्ठ सरांची होती. त्यांनी शीर्षक दिलं 'घरचा संगणक, फक्त माझा'. राहिलेले तिघे शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर केंद्रशाळेत बसणार आहेत, आपापले लॅपटॉप आणि चार्जर घेऊन. त्यातल्या एका मॅडमचा संगणक फार जुना आहे, त्यावर गिट चढतंय का ते आधी बघावं लागेल.